बोकडासाठी सुरी: लोहाराची की स्टेनलेसची?

हरणाची शिकार 1972च्या वन्यजीव कायद्याने बंद, त्यामुळे खान्देशात सोलायची सुरी लागते ती बोकडालाच. घडीची नकोच, सांध्यात चरबी अडकते.

लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेली सुरी दगडावर चार हात मारले की पुन्हा धारदार होते. कातडं सोलताना हेच महत्त्वाचं, कारण केसांनी धार पटकन जाते. पण रक्त लागलेली तशीच ठेवली तर गंज आलाच. धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा.

स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम, म्हणून गंज कमी. स्वस्तातली मात्र मऊ निघते.

पातं चार इंच पुरे. लांब टोकाने आतडं फुटतं नि मटण नासतं. मी लोहाराचीच घेईन. पुसायचा कंटाळा असणाऱ्याने स्टेनलेस घ्यावी.