दहा डॉलरचा फरक: कंबोडियाच्या संथ सहलीचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात, आम्हाला कंबोडियाला नेणाऱ्या त्याच कंपनीचं पुढच्या हिवाळ्याचं माहितीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. कार्यक्रम तोच, सोळा दिवसांचा, पहिल्याच पानावर ‘कुठेही घाई नाही’. मी बाकी काही न वाचता ‘खर्चात काय धरलं आहे’ या रकान्यावर गेले. अंगकोर पास, म्हणजे तिथली देवळं पाहायचं तिकीट: तीन दिवस. म्हणजे सात दिवसांचा पास द्या असं सांगणारं फेब्रुवारीतलं माझं पत्र, मार्चमधलं स्मरणपत्र आणि नंतरचे दोन फोन पाण्यात गेले. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं या सहलीला जाऊन आलो. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसता राग उतरला असता. आता आठ महिन्यांनी काय टिकलं आणि काय विरलं ते नीट सांगता येईल.

आधी पासाचं गणित. एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीनचा पास दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी चालतो, सातचा महिनाभरात कुठल्याही सात दिवशी. दोन्हींत फरक दहा डॉलर, आम्ही गेलो तेव्हाच्या दराने साधारण ८६० रुपये. माणशी १ लाख ७२ हजार घेतलेल्या सहलीत हे ८६० रुपये वाचवले. मी ३३ वर्षं बँकेत कॅश काउंटरला काढली आहेत. काटकसर मला कळते, घरी मी ती रोज करते. पण लग्नाला मांडव घालायचा आणि पंगतीत मीठ वाढायचं नाही, याला काटकसर म्हणत नाहीत.

या ८६० रुपयांनी काय होतं ते सांगते. पास तीनच दिवसांचा असला की ते तीन दिवस पिळून घ्यावे लागतात. पहाटे साडेचारला खोलीतून बाहेर, अंधारात अंगकोर वाटच्या तळ्याकाठी उभं राहायचं, सूर्योदय, डब्यातला नाश्ता, मग देऊळ, दुपारी बाराच्या उन्हात बायॉन, त्यानंतर ता प्रोम, आणि संध्याकाळी पाय ओढत परत. पहिला दिवस आमचा असाच गेला. आमच्या चौदा जणांत साठीच्या पुढचे नऊ. बायॉनच्या त्या हसऱ्या दगडी चेहऱ्यांखाली सावली शोधत बसलेली आमची माणसं मला अजून दिसतात. सातव्या जयवर्मन राजाने उभारलेलं ते देऊळ. बाहेरच्या भिंतींवर बाजार, मासळी, कोंबड्यांची झुंज, शेजारच्या चाम लोकांशी झालेली होड्यांवरची लढाई असं सगळं कोरलेलं आहे. त्यातलं आम्ही पाव भागही पाहिलं नाही. सातचा पास असता तर रोज सकाळी तीन तास, एक देऊळ, दुपारी झोप. याला संथ म्हणतात.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकला तो अंगकोर वाटच्या पूर्वेकडच्या ओवरीत. दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकात हे देऊळ विष्णूसाठी बांधलं. त्याचं तोंड पश्चिमेला आहे. शिल्पपट पाहताना देऊळ डाव्या हाताला ठेवून फिरायचं असतं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. हे अंत्यविधीशी जोडलेलं असावं असं काही अभ्यासक मानतात. सुरुवातीलाच कुरुक्षेत्र, त्यात बाणांच्या शय्येवर भीष्म. कोपऱ्यावरून वळलं की दक्षिणेला राजाची मिरवणूक, आणि तिच्यापुढे स्वर्ग आणि नरक. तिथे रेड्यावर बसलेला बहुभुज यम आहे, आणि निवाड्यात त्याला मदत करणारा चित्रगुप्त. पापपुण्याचा हिशेब ठेवणारा माणूस इतक्या लांब, दगडात, कामावर हजर. मी तिथे हात जोडले. आयुष्यभर लेजर लिहिलेल्या बाईने जोडणारच.

त्यापुढे समुद्रमंथन. जवळजवळ ४९ मीटर लांब, एकाच दोरीसारखा ताणलेला वासुकी. डोक्याकडे ९२ असुर, शेपटीकडे ८८ देव, मधोमध विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरा, आणि देवांच्या रांगेच्या टोकाला हनुमानासारखा वानर. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला नेहमी वाटायचं की एवढे सगळे एका ओळीत कसे मावले असतील. म्हणून मी असुर मोजायला लागले. सगळ्यांचे पाय एका कोनात टेकलेले, पण प्रत्येकाचा जोर वेगळा. एकसष्टपर्यंत आले आणि टूर लीडरने टाळी वाजवली, “चला ताई, बायॉनला ऊन होईल.” या पटाला मिळाली पंचवीस मिनिटं. मी देवांपर्यंत पोचलेच नाही.

त्याच दिवशी दुसरा घोळ. वरचा मजला, बाकान, बौद्धांच्या शीलाच्या दिवशी बंद असतो. महिन्यातून चारदा असे दिवस येतात, अष्टमीचे आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे. आमचा अंगकोर वाटचा एकुलता एक दिवस नेमका पौर्णिमेला. हे पुण्याच्या ऑफिसात बसून भिंतीवरची दिनदर्शिका पाहून कळलं असतं. कंबोडियातला महिनाही तोच, नावसुद्धा पौषावरूनच आलेलं. पास सातचा असता तर दोन दिवसांनी परत गेलो असतो. त्या जिन्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन आलेल्या एक काकू खाली उभं राहून नुसत्या वर बघत होत्या.

हे सगळं मी पहिल्या आठवड्यात रोज वहीत लिहीत होते, आणि तेव्हाचं माझं मत असं होतं: ही कंपनी पास स्वस्तात घेते आणि उरलेले दिवस ‘गावातला निवांत मुक्काम’ म्हणून भरून काढते, कारण गावात हॉटेलचा खर्च नाही. पहिल्या पानावर मी तसं लिहिलंही आहे. ते मत मी इथे मागे घेते.

बान्तेय छमार हे गाव अंगकोरशेजारच्या सिएम रीप शहराहून अडीच-तीन तासांवर, थायलंडच्या सीमेकडे. गावाच्या मधोमध सातव्या जयवर्मनचंच एक प्रचंड, पडझड झालेलं देऊळ. आम्ही तिथे गावकऱ्यांच्या घरी तीन रात्री राहिलो. पाहुण्यांना घरं पाळीपाळीने देतात आणि पैशातला वाटा गावाच्या निधीला जातो. लाकडी खांबांवरचं घर, खाली बाज, झोळी, हातमाग, सायकली आणि पावसाचं पाणी साठवायचे पुरुषभर उंच रांजण. भाताची कापणी होऊन गेलेली, शेतात खुंट, दारात पेंढ्याची गंजी. आमच्या ह्यांनी पोचल्या पोचल्या गंजीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “कोकणातल्यासारखीच रचली आहे.”

घरातल्या आजीबाईंना सगळे ‘येय’ म्हणत, म्हणजे आजीच. आम्ही दोघं शाकाहारी. कंबोडियात भाजीतसुद्धा माशाचं पाणी पडतं आणि प्रहोक, म्हणजे आंबवलेली मासळी, हा त्यांच्या स्वयंपाकाचा कणा. शहरातल्या हॉटेलात ‘व्हेज’ म्हणून जे यायचं त्याला वास यायचाच. इथे वाटाड्याने एकदाच ‘बुओस’ हा शब्द उच्चारला. भिक्षूंसारखं व्रताचं जेवण असा तो अर्थ. येयनी पातेली घासून वेगळी काढली. मग केळफुलाची कोशिंबीर, नाळीची भाजी, भोपळा, जाडसर भात. वाटण खलबत्त्यात कुटत होत्या, ते पाहायला मी जवळ बसले, तर त्यात गवती चहा! आपण चहात घालतो, त्या तो लसूण, हळद आणि लिंबाच्या पानांबरोबर कुटून भाजीत घालतात. घरी आल्यापासून दर रविवारी मी ते वाटण करते. या सहलीतलं आज आठ महिन्यांनी रोजच्या वापरात असलेलं जर काही असेल तर ते.

भाषा एकही नाही, पण शब्द सापडत गेले. गावाला ते फूम म्हणतात, आपली भूमी. देवळाला प्रासात, प्रासाद. शाळेला साला, शिक्षकाला क्रू. नातवाला गुरू आणि क्रू एकच म्हटल्यावर त्याने वही आणून मला आकडे वाचून दाखवले. त्या तीन दिवसांत कोणी टाळी वाजवली नाही. देवळात सकाळी गेलो, कंटाळा आला तेव्हा परतलो, दुपारी पुन्हा गेलो. पश्चिमेच्या भिंतीवर अनेक हातांचा लोकेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. त्याच्या शेजारची भिंत १९९८-९९ च्या सुमारास चोरांनी कापून ट्रकने नेली. सापडलेले दगड आता नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मोकळ्या जागेसमोर येयचा मुलगा बराच वेळ गप्प उभा राहिला. आमच्या गावातल्या देवळातून मूर्ती गेली होती तेव्हा माझे वडील असेच उभे होते.

सोम्बोर प्रेई कुकलाही दोन रात्री होत्या. सातव्या शतकातली राजधानी ईशानपुरा, झाडीत लपलेली विटांची देवळं, त्यातली काही अष्टकोनी, आणि मधेच सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन बाँबचे खड्डे. सुंदर आहे, पण तिथे एक रात्र पुरे.

बान्तेय स्रेईबद्दल मात्र कंपनीला पूर्ण गुण. दारं उघडली तेव्हा, साडेसातला, पहिले आम्हीच. सन ९६७ चं देऊळ, गुलाबी वालुकाश्म, उंची माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच लहान. पण कैलास हलवणारा रावण तिथे पाहिला आणि वेरूळच्या सोळाव्या लेण्यातला तोच प्रसंग डोळ्यांपुढे आला. वेरूळला रावणाची ताकद दिसते, इथे डोंगरावरच्या पशूंची आणि ऋषींची धांदल दिसते. परतताना प्रेह दाक गावात रस्त्याकडेला काहिलीत ताडाचा रस आटवत होते. ताडगूळ घेतला, ताडपत्राच्या पुड्यांमधला. सोबत एक सूचना: डॉलरची नोट जराही फाटलेली किंवा शाई लागलेली असेल तर तिथे कोणी घेत नाही. मी निघण्यापूर्वी एकेक नोट उजेडात धरून निवडली होती. आमच्यातल्या चौघांच्या नोटा परत आल्या. सुटे मिळतात ते रिएलमध्ये, डॉलरला साधारण चार हजार.

आता कंपनीच्या बाजूने एक गोष्ट. पासाचे तीन दिवस त्यांनी सलग ठेवले नव्हते. मधे एक दिवस तोन्ले साप सरोवराकाठच्या खांबांवरच्या गावात, एक दिवस पूर्ण विश्रांती. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, वही परत वाचताना आलं. म्हणजे विचार केलेला आहे. म्हणूनच दहा डॉलरचं मला जास्त लागतं. ज्याने इतकं जमवलं त्याला तेवढं सुचू नये? पत्राला उत्तर आलं ते एका ओळीचं, ‘कार्यक्रमपत्रिकेनुसार सेवा दिलेली आहे.’ मला परतावा नको होता. पुढच्या चौदा जणांना सातचा पास मिळावा एवढंच मागितलं होतं.

आणि जुलै. २४ जुलैला थायलंड-कंबोडिया सीमेवर तोफा सुरू झाल्या, २८ ला शस्त्रसंधी झाली, त्या पाच दिवसांत दोन्हीकडच्या लाखो लोकांना घरं सोडावी लागली. बान्तेय छमार सीमेपासून फार लांब नाही. वाटाड्याला निरोप पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: येय मुलीकडे सिएम रीपला आहेत, गुरं शेजाऱ्यांकडे, घर जागेवर आहे. त्या संध्याकाळी जेवण घशाखाली उतरलं. नव्या माहितीपत्रकात बान्तेय छमारचे तीन दिवस जसेच्या तसे आहेत. सीमेची परिस्थिती बिघडली तर त्याऐवजी काय, याबद्दल एक अक्षर नाही. पैसे भरण्याआधी हे लेखी विचारा, आणि सरकारी प्रवाससूचना स्वतः वाचा.

नणंदेने विचारलं, जाऊ का? मी हो म्हटलं. जेवण, गाडी, मुक्काम, वाटाड्या, सगळं चोख आहे, आणि गावातले दिवस पैशाच्या वर आहेत. पण पास कंपनीकडून घेऊ नकोस. अधिकृत संकेतस्थळावर फोटो टाकून सातचा पास आपला आपण काढता येतो, हे मला परत आल्यावर कळलं. कंपनीकडून ६२ डॉलर खर्चातून वजा करून घे, बुकिंगच्या आधी, लेखी. तिथेच काढलास तर संध्याकाळी पाचनंतर काढ, तो दुसऱ्या दिवसापासून धरतात. दिनदर्शिका पाहून अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या टाळ. गट विश्रांती घेईल त्या सकाळी तू टुकटुक करून एकटी अंगकोर वाटला जा. उजवीकडे वळून दोन कोपरे पार कर, पूर्वेच्या ओवरीत बस आणि पहिल्या असुरापासून मोजायला लाग. माझे एकसष्ट झालेत.