आयडी द्यायला बसताना: एक्स्प्लोर की आयडेंटिफाय?

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे जीवांचे फोटो टाकून एकमेकांना ते ओळखून देण्याच्या संकेतस्थळावर, स्वतःच्या नोंदी टाकून झाल्या, आता इतरांच्या फुलपाखरांना आयडी (प्रजातीची ओळख) द्यायला बसावं म्हणतो, पण शोधायचं तिथल्या एक्स्प्लोर पानावरून की आयडेंटिफाय पानावरून? असं कुणी विचारलं की मी 'दोन्ही वापरून पाहा' म्हणतो. म्हणतो खरा, पण माझं मन एका बाजूला झुकलेलं आहे, ते आधीच सांगून टाकतो.

एक्स्प्लोरची मजा नकाशात. आंबोलीपासून चोर्ला घाटापर्यंत चौकोन ओढायचा, जून ते सप्टेंबर निवडायचे, की पावसाळा समोर उभा. शिवाय तिथे रिसर्च ग्रेड झालेल्या नोंदीही दिसतात, म्हणजे दोघातिघांनी मिळून पक्की केलेली चूकही सापडू शकते. आयडेंटिफाय आपणहून फक्त 'नीड्स आयडी'वाल्या, म्हणजे ओळख अजून पक्की न झालेल्या नोंदी पुढे करतं. बाकीचं हवं तर फिल्टर बदलावा लागतो.

मग मी एक्स्प्लोर का सोडलं? युरेमा या पिवळ्या फुलपाखरांमुळे; त्यातल्या हेकाबे आणि ब्लांडा या दोन प्रजाती सारख्याच दिसतात. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, सेलमध्ये (बुडाकडच्या, शिरांनी वेढलेल्या भागात) दोन ठिपके असले तर बहुधा हेकाबे, तीन असले तर ब्लांडा. पण नेमकं त्या ठिपक्यांवर गवताचं पातं आलेलं असतं. अशा फोटोला काय आयडी देणार? मी पुढे जायचो. दुसऱ्या दिवशी तोच फोटो पुन्हा हजर. चौथ्या दिवशीही. ओळखता आलं ते मार्गी लागायचं आणि न ओळखता आलेलं रोज दारात येऊन बसायचं. महिन्याभरात माझी यादी म्हणजे निव्वळ माझ्या अज्ञानाचं प्रदर्शन झालं. पानाच्या वेब पत्त्याला शेपूट जोडून हे टाळता येतं. मी आठवडाभर जोडलं, मग विसरलो. दोष पानाचा म्हणवत नाही, ते पाहण्यासाठी आहे, निवडत बसण्यासाठी नाही.

आयडेंटिफायवर 'आर' दाबला की नोंद 'पाहिली' होते आणि पुढच्या वेळी समोर येत नाही. एवढंच. पण 'मला हे कळत नाही' असं एकदाच म्हणून मोकळं होण्याची सोय मला तरी फार मोलाची वाटली. मी वेळ काही मोजलेला नाही, पण पूर्वी चहा संपेपर्यंत एखादं पान व्हायचं, आता दोन-तीन होतात.

धोका एकच: सहमतीसाठी 'ए' आहे, आणि बोट सवयीने त्यावर पडतं. माझ्या हातून असे काही ब्लांडा हेकाबे झाले. आयडी दिली की तीही नोंद 'पाहिलेली' ठरते, त्यामुळे चूक इथे पुन्हा नजरेस पडत नाही. म्हणून अधूनमधून आयडेंटिफिकेशन्सच्या पानावर स्वतःचं नाव टाकून 'मॅव्हरिक' प्रकार निवडतो. आपण एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे, अशा सगळ्या ओळखी तिथे रांगेने दिसतात. काही मागे घेतो, एखाद्या ठिकाणी हट्टाने तसाच राहतो.

नकाशाचा मोह सुटत नसेल तर जागा आणि महिने एक्स्प्लोरवरच ठरवा. फिल्टरच्या खिडकीत खाली 'आयडेंटिफाय' असतं, ते दाबलं की तीच निवड तिकडे जाते. मी हल्ली तसंच करतो.