संत्र्याला सोडा की चिटोसान?

काटोलचा मावसभाऊ विचारत होता, "दादा, तोडणीनंतर चार-पाच दिवसांत क्रेटमधली दोन-चार फळं बुरशी धरतात. बुरशीनाशक नको. सोडा लावू की चिटोसानचा लेप?"

फळावरची ती हिरवी भुकटी म्हणजे पेनिसिलियम नावाची बुरशी. शिरते सालीच्या जखमेतून. म्हणून देठ कात्रीनं न कापता फळ ओढून तोडाल, तर दोन्ही उपायांवर पाणी.

खर्चात सोड्याला तोड नाही. 100 लिटर कोमट पाण्यात 3 किलो खाण्याचा सोडा, 2-3 मिनिटं बुडवायचं, मग साध्या पाण्यानं हलकं धुवायचं. न धुतल्यास पांढरे डाग राहतात, फळ सुकतं. बुरशी मात्र मरत नाही, दबते. नंतरच्या जखमेला संरक्षण जवळपास नाहीच.

चिटोसान महाग, त्यात नुसत्या पाण्यात विरघळत नाही. सौम्य आम्ल लागतं. पण सालीवर पातळ थर बसतो, वजन कमी घटतं. थर जाड झाला की फळ गुदमरतं, चव बिघडते. शिवाय ते बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचाचं; शाकाहारी गिऱ्हाइकाला हे सांगणार कोण?

दूर दिल्लीकडे माल धाडणाऱ्यानं किंवा शीतगृहात ठेवणाऱ्यानं चिटोसानचा विचार करावा. भावाचा माल नागपूरच्या कळमना बाजारापुढे जात नाही. त्याला म्हटलं, सोड्याचं पोतं आण, आणि आधी दोन चांगल्या कात्र्या.