एमिसिव्हिटीचा आकडा बदलतो, तापमान बदलत नाही

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे मोटार दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. शाफ्टवर बसवण्यापूर्वी बेअरिंग आम्ही साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, कारण १२५ च्या पुढे गेल्यास पोलादाच्या कठीणपणात आणि मापात फरक पडू शकतो. इन्फ्रारेड गन, म्हणजे न टेकवता लांबून तापमान मोजणारे यंत्र, काळ्या किंवा खरखरीत पृष्ठभागावर तापमान बरोबर दाखवते; मात्र चकचकीत धातू स्वतः कमी उत्सर्जन करतो आणि भोवतालची उष्णता परावर्तित करतो, त्यामुळे ०.९५ एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता उत्सर्जित करतो याचे ० ते १ मधले प्रमाण) गृहीत धरणारी गन त्यावर फार कमी तापमान दाखवते.

म्हणूनच मी एमिसिव्हिटी बदलता येणारी गन मागितली. दुकानदाराने खोक्यावरचे ‘०.१० ते १.००’ दाखवले, बटण दाबून आकडा ०.३० वर आणला आणि म्हणाला, “आकडा बदलतोय न्हवं, मग झालं की!” मीही मान डोलावली, हे माझे चुकलेच.

पुढच्याच आठवड्यात, पडद्यावर जेमतेम ९५ अंश दिसत असताना, बेअरिंगच्या कडेवर फिकट पिवळी छटा चढली. पोलादावर असा रंग दोनशे अंशांच्या पुढेच येतो, हे जुन्या कामगाराने पाहताक्षणी ओळखले आणि बेअरिंग बाजूला काढले.

त्या संध्याकाळी घरी स्टीलच्या पातेल्यात गरम पाणी भरून बाहेरून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. गन अगदी जवळ धरली, कारण लांबून मोजले तर ती मोजते ते वर्तुळ टेपच्या बाहेर जाते आणि लाल ठिपका केवळ नेम दाखवतो. टेपवर ७८, तर शेजारच्या चकचकीत स्टीलवर ४२ अंश दिसले. एमिसिव्हिटी ०.२० वर आणल्यावर स्टीलवरचा आकडा वाढून टेपवरच्या आकड्याजवळ यायला हवा होता. तो ४२ वरच राहिला. टेपवरही सेटिंग ०.९५ वरून ०.५० केल्यावर काहीच हलले नाही. बटण केवळ पडद्यावरचा आकडा बदलत होते. आतली गन ०.९५ वरच कायम होती.

बिलावर दुकानदाराने ‘थर्मामीटर १ नग’ एवढेच लिहिले होते, मॉडेल क्रमांकही नव्हता, आणि त्याच आधाराने त्याने पैसे परत करण्यास नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे. गन घ्यायचीच असेल तर गरम पाण्याचा पेला आणि टेपचा तुकडा घेऊन दुकानातच ही चाचणी करावी, आणि बिलावर मॉडेल व ‘एमिसिव्हिटी बदलता येते’ असे लिहून घ्यावे. बेअरिंगसाठी आम्ही आता थर्मोकपलचा, म्हणजे स्पर्शाने तापमान मोजणाऱ्या तारेचा, प्रोब टेकवूनच मोजतो.