ग्रहणासाठी जहाज की जमीन? नागपूरहून निघणाऱ्यांसाठी 2027 आणि 2028 चा हिशेब

22 जुलै 2009 च्या खग्रास सूर्यग्रहणाला सुरत आणि पाटण्यात जमलेल्या बहुतेकांच्या वाट्याला पावसाळी ढगच आले. त्याच दिवशी प्रशांत महासागरात, इवो जिमा बेटाजवळ थांबलेल्या जहाजांवरून ते साडेसहा मिनिटांहून जास्त वेळ दिसलं. ‘ग्रहण पाहायचं तर जहाजावरूनच’ हा सल्ला अशा अनुभवांतून पक्का झाला. तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग पैसे भरण्याआधी समजून घ्यायला हवा, कारण जहाजाचं भाडं एकदा भरलं की सहसा पूर्ण परत मिळत नाही.

सूर्यग्रहणं 18 वर्षं आणि साधारण 11 दिवसांनी सारोस चक्रानुसार पुन्हा येतात. 2009 च्या ग्रहणाचा पुढचा भाऊ 2 ऑगस्ट 2027 ला आहे. त्याचा पट्टा, म्हणजे खग्रास ग्रहण दिसतं तो भाग, दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबिया असा जातो. 11 जुलै 2010 ला तुआमोतू बेटं आणि ईस्टर बेटावरून दिसलेल्या ग्रहणाचा पुढचा भाऊ 22 जुलै 2028 ला आहे. तो पट्टा हिंदी महासागरातून कोकोस आणि ख्रिसमस बेटांवरून ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात शिरतो आणि सिडनीवरून न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे जातो. बेटं फिरत ग्रहण बघायचं असेल तर हे दुसरं, आणि जमिनीवर उभं राहून बघायचं तर पहिलं. आता नेमका फरक बघू.

आकाश

सगळ्यात आधी ढग, बाकी सगळं त्यानंतर. 2027 च्या पट्ट्यातल्या, इजिप्तमधल्या लक्सरला ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच आणि आकाश बहुतेक वेळा कोरडं, निळं असतं. अशा ठिकाणी जहाजाच्या हलण्याचा काही उपयोग नाही, कारण टाळायला ढगच नाहीत. उष्ण कटिबंधातल्या समुद्राची गोष्ट वेगळी. जुलैत तिथं आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि कापसासारखे तुटक ढग सतत सरकत असतात. खग्रास अवस्था तीन-चार मिनिटांची आणि एका ढगाला सूर्यावरून सरकायलाही तेवढाच वेळ लागतो. इथं जहाज कामाला येतं. जहाजाचा वेग 18 नॉट धरला तर तो ताशी सुमारे 33 किमी होतो. आदल्या रात्री दहा तास मिळाले तर उपग्रहाची छायाचित्रं बघून कप्तान तीनशे किमीपलीकडच्या मोकळ्या आकाशाखाली जहाज नेऊ शकतो.

बेटाबेटांतही फरक आहे. ख्रिसमस बेट समुद्रसपाटीपासून 361 मीटर उंच आहे. दमट वारा त्या उंचवट्यावर चढताना थंड होतो आणि बेट स्वतःच आपल्या डोक्यावर ढग तयार करतं. कोकोस ही प्रवाळांची चपटी बेटं आहेत, जेमतेम काही मीटर उंच, त्यामुळे तिथं असा ढग बनत नाही. पण ती पट्ट्यात पश्चिमेला आहेत. तिथं ग्रहण लागतं तेव्हा सूर्य अजून बराच खाली असतो आणि क्षितिजाजवळचे दूरदूरचे ढग एकावर एक आल्यासारखे दिसतात. पूर्वेला सरकावं तसा सूर्य वर चढतो आणि खग्रास काळही वाढतो. किंबर्लीत तो सर्वाधिक, 5 मिनिटं 10 सेकंद आहे आणि जुलै तिथला कोरडा ऋतू आहे.

म्हणून जहाज निवडायचंच असेल तर पहिला प्रश्न हा विचारा: ग्रहणाच्या सकाळी जहाज कुठं असणार? ‘बेटाच्या किनाऱ्यावरून ग्रहण’ हे जाहिरातीत छान दिसतं, पण नांगरलेल्या जहाजाने आपली एकमेव ताकद सोडून दिलेली असते. त्या सकाळी जहाज खुल्या समुद्रात, मध्यरेषेवर म्हणजे पट्ट्याच्या बरोबर मधोमध हवं. बेटं आधी किंवा नंतर. ग्रहणाच्या वेळचे अक्षांश-रेखांश, मध्यरेषेपासूनचं अंतर आणि ‘हवामानासाठी कप्तान बेटाचा थांबा रद्द करू शकतो का’ याचं उत्तर लेखी घ्या. उत्तर गोलमोल आलं तर ती सहल बेटांची आहे आणि ग्रहण वर शिंपडलेलं आहे असं समजा.

काय दिसतं, काय टिपता येतं

लक्सरला 2027 मध्ये खग्रास काळ सहा मिनिटांच्या वर आहे. सर्वाधिक काळ 6 मिनिटं 23 सेकंद आहे आणि ती जागा लक्सरच्या जवळच येते. दुपारी एकच्या सुमारास सूर्य 82 अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असेल. मान वर करून सहा मिनिटं उभं राहवत नाही, तेव्हा सतरंजी टाकून सरळ आडवं व्हावं. साध्या ट्रायपॉडचं डोकं इतकं वर वळत नाही आणि लांब लेन्स लावल्यावर तो मागे कलंडतो. घरच्या गच्चीवर पौर्णिमेच्या चंद्रावर आधीच सराव करा. आकार सूर्याएवढाच दिसतो आणि प्रभाकिरीटाचा, म्हणजे खग्रास असताना सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा, एकूण प्रकाशही पूर्ण चंद्राच्या जवळपास असतो.

फोटो हाच मुख्य उद्देश असेल तर जमीनच. बाहेरच्या फिकट प्रभाकिरीटासाठी अर्धा ते दोन सेकंदांचं एक्स्पोजर लागतं आणि हलत्या डेकवर ते शक्य नाही. जहाज डोलतं, शिवाय इंजिनाची थरथर ट्रायपॉडच्या पायांतून वर येते. डेकवर 200-300 मिमी लेन्स, आयएसओ 800 ते 1600 आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका शटर, एवढ्यावर समाधान मानावं. त्यात हिऱ्याची अंगठी (खग्रासच्या सुरुवातीला आणि शेवटी कडेला चमकणारा सूर्याचा ठिपका) आणि आतला प्रभाकिरीट नीट येतो. जहाजाचे दिवे स्वयंचलित असतात, अंधार पडला की पेटतात. ते आधी बंद ठेवणार का, हेही विचारून ठेवा. चिमणीच्या धुराकडची बाजू टाळा.

पण डोळ्यांसाठी समुद्र अप्रतिम आहे. डोंगर नाही, इमारत नाही. पश्चिमेकडून पाण्यावरून सावली चालून येताना दिसते आणि खग्रास असताना चारही दिशांना क्षितिजावर संध्याकाळचा नारिंगी रंग असतो. लक्सरच्या वाळवंटातही हे दिसतं, पण घरं, खजुरीची झाडं आणि गर्दी यांच्यातून.

चष्मा दोन्हीकडे आयएसओ 12312-2 प्रमाणित हवा. संमीलनापर्यंत (खग्रास सुरू होईपर्यंत) आणि उन्मीलन होताच (खग्रास संपताच) तो डोळ्यांवर, मधल्या मिनिटांत काढलेला. दुर्बीण आणि कॅमेऱ्याला वेगळा फिल्टर, पुढच्या भिंगावर बसवलेला. चष्मा घालून दुर्बिणीत बघू नका.

शरीर, रजा आणि कागद

मेच्या उन्हात वाढलेल्या नागपूरकराला लक्सरचे चाळीसच्या वरचे अंश नवे नाहीत. तरी स्पर्श ते मोक्ष, म्हणजे ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत, साधारण तीन तास उन्हात थांबायचं आहे, तेव्हा पाणी, टोपी आणि सावलीची सोय हवीच. जहाजावर त्रास वेगळा. जुलैत व्यापारी वारे जोरात असतात आणि लाटाही. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथं हेलकावा सर्वांत कमी. समुद्र लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, आधीच घ्यायची असते. प्रोमेथाझिनसारख्या गोळीने झोप येते, म्हणून ती ग्रहणाच्या सकाळी पहिल्यांदा करून बघू नका. बीपीची किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

लक्सरला आखातातून आणि कैरोहून पोचता येतं. ग्रहणापुरतं जायचं तर आठवड्याच्या रजेत भागतं. सोबत नाईलवरची बोट घेतलीत तर त्या दिवशी ती लक्सर किंवा एस्नाच्या आसपास हवी. अस्वान खग्रास पट्ट्याच्या बाहेर आहे. बेटांच्या जहाजाला दोन आठवड्यांची रजा धरा. ते सिंगापूर, बाली किंवा ऑस्ट्रेलियाच्या बंदरातून सुटू शकतं. बंदरात एक दिवस आधी पोचा, जहाज उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही. जुलैच्या पावसात मुंबईची विमानं रखडतात, म्हणून नागपूर-मुंबई आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर काढा. कोकोस आणि ख्रिसमस ही ऑस्ट्रेलियाची बेटं, तेव्हा जहाजानं गेलात तरी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा लागेल. जहाज सिंगापूरहून सुटून तिथंच परतणार असेल तर सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा.

कोकोसच्या खाजणात मोठं जहाज शिरत नाही. बाहेर थांबून लहान होडीनं उतरावं लागतं आणि लाटा वाढल्या तर उतरणं रद्द होतं. ज्याला मुख्यतः बेटंच पायाखाली हवीत, त्याने हे गृहीत धरूनच जावं.

खर्चात जहाजाचं भाडं दोघांच्या केबिनवर माणशी सांगतात. एकट्याला जवळपास दुप्पट पडू शकतं. रोजची टिप, वायफाय, किनाऱ्यावरची फेरी आणि आजारी पडल्यास जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा विमा हे वेगळं. त्यातला विमा कधीच वाचवू नका, कारण त्या समुद्रात मोठं रुग्णालय जवळपास नसतं. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून द्या.

पहिलंच खग्रास असेल तर आमचं मत 2027 च्या लक्सरला आहे. आकाश खात्रीचं, काळ मोठा, खर्च आणि रजा कमी. 2028 ला जहाजच हवं असेल आणि हात सैल असेल तर मधल्या बेटांपेक्षा किंबर्ली किनाऱ्यालगत ग्रहण बघणारं छोटं जहाज शोधा. आकाश कोरडं आणि काळ सर्वाधिक, शिवाय जहाजाला हलायला जागा. त्या भागात जमिनीवर हॉटेलं असलेलं कुनुनुर्रा गाव पट्ट्याच्या कडेकडे पडतं, म्हणून तिथं खग्रास काळ बराच कमी मिळतो. अशा जहाजांवर खोल्या थोड्या असतात, म्हणून चौकशी आत्ताच सुरू करावी लागेल, आणि परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट नसेल तर त्याचा अर्ज त्याहून आधी.