गिटहबचे जुने रन झाडणारी ॲक्शन: काम चोख, पण ३० हा आकडा बदला

गिटहब ही कोड ठेवायची जागा, आणि ‘ॲक्शन्स’ ही तिथली कामं आपोआप चालवणारी सोय. दोन-तीन वर्षं चाललेल्या रेपोचा (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याचा) ॲक्शन्स टॅब उघडला की पानांमागून पानं रनच, म्हणजे काम एकेकदा चालल्याच्या नोंदीच, दिसतात. त्यातले कितीतरी अशा वर्कफ्लोचे (ठरवून दिलेल्या कामांच्या मालिकांचे), ज्यांची वायएमएल फाइल, म्हणजे त्या कामांची मांडणी, केव्हाच काढून टाकलेली असते. फाइल गेली तरी नाव डावीकडच्या यादीत ठाण मांडून असतं, त्याचा शेवटचा रन उडेपर्यंत. आणि वेबवर रन एकेक करूनच उडवावा लागतो: तीन टिंबं, डिलीट, कन्फर्म. गिटहबच्या मार्केटप्लेसवरची ‘डिलीट वर्कफ्लो रन्स’ ही फुकट ॲक्शन (वर्कफ्लोत वापरायचा तयार तुकडा) नेमकं हे हमालीचं काम उचलते.

बसवायला दहा मिनिटं पुरतात. जॉबच्या परमिशन्समध्ये ‘ॲक्शन्स: राइट’ आणि ‘कंटेंट्स: रीड’ लिहायचं. पहिली ओळ विसरलात तर ४०३ (परवानगी नाकारल्याचा एरर) येतो, सोबत ‘रिसोर्स नॉट ॲक्सेसिबल बाय इंटिग्रेशन’. तो दिसला की टोकन (ओळख पटवणारी किल्ली) बदलत बसू नका, परमिशन बघा.

खरे पर्याय दोनच. ‘रिटेन डेज’ म्हणजे किती दिवसांपलीकडचं जुनं समजायचं, डिफॉल्ट ३०. ‘कीप मिनिमम रन्स’ म्हणजे किमान किती ठेवायचे, डिफॉल्ट ६. गोंधळ दुसऱ्यात होतो. हा ६ दर वर्कफ्लोमागे आहे, अख्ख्या रेपोमागे नाही. बारा वर्कफ्लो असले की सफाईनंतरही ७२ रन दिसू शकतात. टूल बिघडलेलं नसतं. नावावरून, स्थितीवरून किंवा निकालावरून (फक्त फेल, फक्त कॅन्सल्ड) गाळण्याचीही सोय आहे. नावाचा रकाना रिकामा सोडला तर सगळेच वर्कफ्लो कचाट्यात येतात, म्हणून पहिल्यांदा ‘ड्राय रन’ (काही न उडवता नुसती रंगीत तालीम) चालू ठेवून लॉग, म्हणजे काय घडलं त्याची नोंद, वाचाच. उडालेला रन परत आणायची सोय नाही. त्याच्याबरोबर लॉग आणि आर्टिफॅक्टही (रनने तयार केलेल्या फाइली) जातात.

साकीनाक्याच्या गाळ्यातल्या पाच जणांच्या टीमला ३० दिवस चालून जातील. बीकेसीतल्या फिनटेकला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस, तेही भारताच्या हद्दीत, सांभाळावे लागतात. प्रॉडक्शनवर काय, कधी, कोणी चढवलं याचा पुरावा डिप्लॉयच्या रनमध्येच असतो. तो त्यात मोडतो का, हे कम्प्लायन्सवाल्यांना आधी विचारा. ‘रिटेन डेज’मध्ये नुसतं १८० लिहून भागत नाही, कारण गिटहब स्वतःच लॉग ९० दिवसांनी काढून टाकतं. प्रायव्हेट रेपोत ही मुदत ४०० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण वाढीव मुदत नव्या लॉगनाच लागू होते. जुन्यांची झिप उतरवून एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमधल्या बकेटमध्ये (फाइलींच्या साठ्यात) ठेवा, मग झाडू फिरवा.

ॲक्शनच्या रीडमीतल्या (माहितीच्या फाइलमधल्या) उदाहरणात वेळ आहे महिन्याच्या १ तारखेची, शून्य वाजताची. ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. स्वतःची वेळ घालताना साडेपाच तास वजा करायचे हे सगळ्यांना माहीत असतं. वार मागे सरकतो हे मात्र राहून जातं. रविवारी पहाटे १:४७ ला चालवायचं तर क्रॉनमध्ये (वेळापत्रकाच्या ओळीत) २०:१७ आणि वार शनिवारचा, म्हणजे ६. मिनिटं मुद्दाम आडवळणी ठेवा. तासाच्या ठोक्याला गर्दी असते आणि रन उशिरा सुटतात. फाइल डिफॉल्ट ब्रांचवर (कोडच्या मुख्य फांदीवर) नसेल तर शेड्यूल चालतच नाही. पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर ते आपोआप बंद पडतं.

पहिली सफाई सगळ्यात त्रासाची. गिटहबच्या आपसूक मिळणाऱ्या टोकनला एका रेपोसाठी तासाला १००० रिक्वेस्टची मर्यादा आहे, आणि एक रन उडवायला एक रिक्वेस्ट लागते. चार हजार जुने रन एका दमात संपणार नाहीत; जॉब मध्येच फेल होईल. आधी ७३०, मग ३६५, मग १८० असे दिवस उतरवत न्या आणि दोन फेऱ्यांत तासाभराचं अंतर ठेवा. पर्सनल टोकनला तासाला ५००० मिळतात, पण तेवढ्यासाठी कोणाचं वैयक्तिक टोकन सीक्रेटमध्ये (रेपोच्या गुप्त रकान्यात) टाकणं आम्हाला पटत नाही.

एक गैरसमज: रन उडवल्याने ॲक्शन्सच्या कोट्यातली वापरलेली मिनिटं परत मिळत नाहीत. आर्टिफॅक्टची जागा पुढच्यासाठी मोकळी होते, इतकंच. कॅश (पुढच्या रनसाठी राखून ठेवलेल्या फाइली) वेगळी, तिला ही ॲक्शन हात लावत नाही.

आणि ॲक्शनच्या व्हर्जन टॅगवर विसंबू नका. मार्च २०२५ मध्ये ‘चेंज्ड-फाइल्स’ या लोकप्रिय ॲक्शनचे टॅगच घातक कमिटकडे (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाकडे) वळवले गेले होते. राइट परमिशन देताय, तर टॅगऐवजी पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅश (त्या कमिटची ओळखखूण) लिहा. पाचपैकी चार तारे. एक कापला तो ३०च्या डिफॉल्टसाठी.