एमजीबीसाठी मिनिलाइट नमुन्याची साडेपाच इंची चाकं: जरूर घ्या, पण टायर १८५ वर थांबवा

एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली छोटी स्पोर्ट्स कार. रोस्टाइल चाकांवर (कारखान्यातून येणारी दाबीव पोलादी चाकं) तिला ५ इंच रुंद रिम आणि १६५ आर१४ टायर (रुंदी १६५ मिमी, १४ इंची रिमसाठी) येत. तारांच्या चाकांची रिम साडेचार इंचीच. रोस्टाइलच्या जागी बसवायची सर्वांत समंजस जोडी म्हणजे मिनिलाइट नमुन्याचं आठ आऱ्यांचं १४ × ५.५ अलॉय चाक आणि १८५/७० आर१४ टायर. वळणावर पकड वाढते, स्टीअरिंगचा इशारा लगेच लागू होतो आणि गाडीचं जुनं रूपही टिकतं.

१८५/७० च का, तर उंचीमुळे (७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के). मूळ टायरचा व्यास साधारण ६२० मिमी, याचा ६१५. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ९९ ने धावत असते. १८५/६५ घेतलात तर व्यास ५९६ वर येतो, तोच काटा ९६ ला १०० म्हणतो, हायवेवर इंजिन विनाकारण जास्त फिरतं आणि चाकावरच्या कमानीतली पोकळी डोळ्यांना खुपते. ज्यांना मूळ मापच ठेवायचं आहे त्यांना भारतात अडचण नाही: १६५/८० आर१४ हे स्विफ्टच्या साध्या मॉडेलचं माप, कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतं.

खरी मेख मागच्या कमानीत आहे. एमजीबीचा मागचा एक्सल बॉडीच्या बरोबर मध्यात बसलेला क्वचितच सापडतो. बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला जागा कमी असते. त्यामुळे उजवीकडे मोकळं फिरणारं चाक डावीकडे घासतं आणि दोष चाकावर येतो. विकत घेण्याआधी दोन्ही बाजू मोजा. ५ वरून साडेपाच इंचावर गेलं की, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून चाक हबला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) तोच असेल तर, रिमची कड आत-बाहेर प्रत्येकी ६ मिमीने सरकते. टायरची भिंत मात्र १० ते ११ मिमीने, कारण १८५/७० ची प्रत्यक्ष रुंदी १८९ मिमीच्या आसपास भरते. ऑफसेट ५ मिमीने कमी असेल तर बाहेरच्या बाजूला तेवढी भर पडते. विक्रेता ऑफसेटचा आकडा देत नसेल तर त्याच्याकडून चाक घेऊ नका. पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ४ × ११४.३ हवा (चार भोकं, ११४.३ मिमी).

चाचणी अशी. सीटवर दोन माणसं बसवा, एक्सलच्या एकाच टोकाखाली जॅक लावून बॉडी उचलायला लागेपर्यंत चढवा आणि टायर व कमानीची कड यांच्यामध्ये ८ मिमीचा ड्रिल बिट सरकवून बघा. तो अडकला तर आधी पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि एक्सलखालचे रबर पॅड तपासा. ते गेलेले असतील तर वळणावर एक्सल आडवा सरकतो, मग कितीही अरुंद टायर घाला, घासणारच. पाटे बसले असतील तरी तेच. हे सगळं ठीक असूनही जागा पुरत नसेल तरच कमानीची कड आत वळवा: हीट गनने रंग गरम करायचा, हबवर बसणाऱ्या रोलरने थोडी थोडी दाबायची, शेवटी सांध्यात सीलर भरायचा. ग्राइंडर लावू देऊ नका. त्या कडेत बाहेरचा आणि आतला पत्रा स्पॉट वेल्डने जोडलेला आहे. ती कापली की सांधा उघडा पडतो आणि गंज आत शिरतो.

पुढे स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून अँटीरोल बारशी (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी आडवी सळई) टायरचं अंतर बघा. रुंद टायर पुढच्या चाकांच्या बेअरिंगची ढिलाईही उघडी पाडतो. इथे शिम (पातळ चकत्या) घालून ०.०५ ते ०.१ मिमी खेळ ठेवायचा असतो. काही मेकॅनिक मधला स्पेसर आणि शिम काढून नट अंदाजाने आवळतात, ते मुळीच चालवून घेऊ नका. पार्किंग करताना स्टीअरिंग जड लागेल, पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत ते ओघानंच आलं. ऑफसेट फार कमी असेल तर खड्ड्यात चाकाचा धक्का थेट हातात येतो, म्हणून बाहेर डोकावणारी सहा इंची रिम दिसायला कितीही देखणी असो, टाळावी.

चाकाचे स्टड अर्धा इंची यूएनएफ (बारीक आट्यांचे) आहेत, इंचाला २० आटे. नट निदान १० फेरे चढलाच पाहिजे. अलॉयचा मध्यभाग जाड असतो, त्यामुळे चाक आणि हब यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकती) घातला की हे गणित हमखास बिघडतं. लांब स्टडशिवाय स्पेसर नकोच. टॉर्क पान्याने ८२ ते ८८ न्यूटन मीटर, आणि पहिल्या ७०-८० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

हवेचा मूळ दाब पुढे २१, मागे २४ पीएसआय. रुंद टायरला दोन-तीन जास्त ठेवून सुरुवात करा आणि टायरची झीज बघून बदला.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. बऱ्याच अलॉय चाकांना नळीसारखे लांब नट लागतात आणि ते रोस्टाइलच्या शंकूसारख्या बैठकीत बसत नाहीत. डिकीतली स्टेपनी जुनीच ठेवणार असाल तर मूळ चार नट तिच्यासोबत पिशवीत बांधून ठेवा.